कॉम्प्युटरमधली अक्षता

रत्नागिरीत आमच्या मासळी गोठवायच्या कारखान्यात पहिला कॉम्प्युटर आला आणि तो चालवायचं काम माझ्याकडे आलं. त्या दसऱ्याला मी त्याची अगदी साग्रसंगीत पूजा केली. कुंकू, अक्षता, वर फुलानं पाणीही शिंपडलं. आठवडाभरात पडद्यावर मेमरी बिघडल्याची सूचना यायला लागली. साहेब कडाडले, "कुणी काय केलं असेल तर त्याची नोकरी गेली म्हणून समजा."

मुंबईहून एसटीनं मेकॅनिक आला. झाकण उघडून तो आतल्या चिप्सच्या जागा एकेक करून बदलत राहिला. एका चिपबरोबर बिघाडही जागा बदलत होता. तिच्या पायांवर हिरवा गंज होता आणि शेजारी कुंकवानं माखलेला तांदळाचा दाणा. त्यानं माझ्याकडे पाहिलं, दाणा कपाळाला लावला आणि खिशात टाकला.

"खारी हवा," तो साहेबांना म्हणाला. "समुद्राकडची खिडकी बंद ठेवा. काम झालं की यंत्र झाका." ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं.

मी चहा दिला तेव्हा तो हळूच म्हणाला, "बाय, यंत्राला पूजा चालते, आंघोळ नाय चालत." तो आमच्याच मुलखातला, हे तेव्हा कळलं. नाव विचारायचं राहूनच गेलं.

पुढे कचेरीचा कारभार माझ्याकडे आला. कुणा नव्या मुलीची चूक सापडली, की साहेब वळायच्या आत मी ती मुठीत मिटून घ्यायचे, आणि चहाच्या वेळी तिला एकटीला सांगायचे.