मी आहो ना वाजवाले

माझी मुलगी आज वर्गात उभी राहून बोलते, ती पेटीवाल्या काकांमुळे. हे आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढं काही राहून गेलं तरी चालेल.

कुणी बोलता बोलता अडलं की काकांचा डावा हात भात्यावर जायचा. समोर पेटी नसली तर मांडीवरच हलायचा. म्हणायचे, "घाई कायले? मी आहो ना वाजवाले."

ही सवय भंडाऱ्याकडच्या झाडीपट्टीच्या नाटकांतली. तिथं त्यांनी जन्मभर पेटी वाजवली. नट भाषण विसरला, की त्याला आठवेपर्यंत पेटीवाल्यानं मनानंच काहीतरी रचत राहायचं आणि लोकांना कळू द्यायचं नाही. एकदा राजा एवढा विसरला, की काकांनी सूर देऊन राणीलाच गायला लावलं. तेवढ्यात राजा आत जाऊन पाणी पिऊन, वाक्य विचारून आला. लोकांनी त्या गाण्याला वन्समोअर दिला.

मी राज्याच्या दुसऱ्या टोकाचा, जतकडचा. शाळा सातवीत सुटली. आता इकडं चिखल्याच्या खाणीवर ट्रक चालवतो. मुलीला इथं पहिलीत घातलं. ती "न्हाई", "आलते" म्हणाली की पोरं वेडावून दाखवायची. ती शाळेत गप्प झाली, मग घरातही. भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, कान-जीभ ठीक आहे, बोल म्हणून मागं लागू नका, गाण्याबजावण्यात रमू द्या. शाळा सुटल्यावर माणसाचं काय होतं, ते मला ठाऊक.

काका आमच्याच कॉलनीत मुलाकडं राहायचे. डॉक्टरीणबाईंचं बोलणं त्यांना सांगितलं, तर शाळेच्या बाईंना विचारून मधल्या सुट्टीत ते पेटी घेऊन व्हरांड्यात बसायला लागले.

मुलीला हाक म्हणून मारली नाही. ती लांब बसून डब्याचं झाकण वाजवायची. काका तेच पेटीवर धरायचे आणि जरा पुढं न्यायचे. ती मुद्दाम वाकडंतिकडं वाजवायची, काका तिच्या मागं मागं. कुणी पोरगं हसलं तर त्याचं हसूही पेटीतून काढायचे, मग तेच लाजायचं.

मी कुरकुरलो, काका, अजून एक शब्द नाही.

"बोलूनच राहिली ना ते. तुले आयकू नाही येऊन राहिलं."

एक दिवस मी फाटकापाशी उभा होतो. तिनं ठेका धरला आणि काकांनी भलतंच वाजवलं. ती उठली, सरळ त्यांच्या बोटांवर हात ठेवला.

"तसं न्हाई."

"मंग कसं, माय?"

तिनं गाऊन दाखवलं. पोरं चिडवत ओरडली, "तसं न्हाई, तसं न्हाई!" काकांनी त्या ओरडण्याखाली सूर धरला. बघता बघता त्याचं गाणं झालं, आणि पुढं कोण गात होतं तर माझी पोर. मी ट्रकच्या आडोशाला जाऊन तोंड धुतलं.

मुद्दाम चुकलात ना, असं मी नंतर विचारलं. "बोट चुकलं, बापा. म्हातारा झालो," म्हणाले. तुम्हाला पटतंय का? मला अजून नाही.

काकांच्या मुलाची नोकरी संपली, तसे ते सगळे आपल्या गावी पवनीला गेले. निघताना काका टेम्पोत पुढं बसले होते. विचारत होते, तुमच्या जतकडं म्हातारी माणसं भांडतात कशी, पोरांना झोपवतात कोणत्या सुरात. म्हणाले, "एकदा बसून आयकाचं आहे."

काका, गुडघे सांभाळा. एक दिवस तुम्हाला नेणार. आमच्या पारावर बसवणार आणि सगळ्यांना सांगणार, बोला रे, पाहिजे तेवढं बोला.