गाडीच्या जागेतली दोन स्टुलं

आमच्या घरासमोरचा ओटा मी तोडला. माणूस मीच बोलावला, आणि बाबा बाजारात गेलेले असताना बोलावला. यातली दुसरी गोष्ट मला जास्त छळते.

सिंदी मेघेतल्या आमच्या लेआउटमध्ये सिमेंटचा नवा रस्ता दर वेळी जुन्यावरच ओततात. रस्ता वर चढत गेला, आमचं अंगण खाली राहिलं. नवी गाडी आत घ्यायला फाटकापाशी लांब उतार हवा होता, आणि त्याच जागेवर ओटा होता.

उन्हाळ्यात बाबा संध्याकाळी त्यावर पाणी शिंपडायचे. ओटा निवला की सतरंजी टाकायचे. मागच्या गल्लीतले काका काठी टेकत देवळात निघत. किराण्याचं दुकान मुलाच्या हाती दिल्यापासून त्यांचा हा नेम होता. देवळापर्यंत एका दमात जाणं त्यांना जमत नसे. आमच्या ओट्यावर ते टेकत, आणि बरेचदा देऊळ राहूनच जाई.

बाबा बाजारातून परतले तेव्हा मलबाही उचलला गेला होता. भाजीची थैली त्यांनी या हातातून त्या हातात घेतली. "गाडीले जागा तं पाह्यजेच," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी काका आले. "काऊन जी, बसाची जागा कुठी गेली?"

"गाडीनं खाल्ली," बाबा म्हणाले. दोघं हसले. मी खिडकीतून ऐकलं आणि प्रश्न मिटला असं समजलो.

पुढे कॉलनीच्या एका कार्यक्रमात मी भाषण केलं. आपलं शहर म्हाताऱ्यांना राहण्याजोगं व्हायला हवं, चालताना दमलं तर टेकायला जागोजागी बाक हवेत, असं बोललो. बाबा पहिल्या रांगेत होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मला त्याचं काहीच वाटलं नाही, याची आज लिहितानाही लाज वाटते.

गल्लीच्या वळणावर हॉर्न वाजवायची मला सवय होती. घरात कळावं, कुणी फाटक उघडावं म्हणून. फाटक नेहमी बाबाच उघडत. जरा धापा टाकत असत. वय झालं, असं मी मनात म्हणे.

एकदा गाडी दुरुस्तीला होती. मी ऑटोनं आलो आणि वळणावर उतरून चालत घरी गेलो. फाटकातून पाहिलं तर अंगणात, गाडीच्या जागेवर, दोन स्टुलं टाकून बाबा आणि काका बसले होते. तेवढ्यात मागे शेजाऱ्यानं हॉर्न वाजवला.

"उठा जी, साहेब आले!" बाबा धडपडत उठले. एका हातानं त्यांनी काकांचा दंड धरला, दुसऱ्यानं स्टूल ओढलं.

"थांबा ना बाप्पा, गुडघे तं सरळ होऊ द्या," काका कुरकुरले. "पोराले साहेब केलं तुम्हीच, आता पळा!"

उतार चढताना काकांची काठी घसरली. मी धावत जाऊन त्यांना धरलं. मला पाहून बाबांचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला.

"तू पायदळ? गाडी कुठी हाय? आम्ही जागा खालीच करून राह्यलो होतो."

रोज माझ्या हॉर्नला हे असं होत होतं. त्यांची धाप वयाची नव्हती.

मी काकांना पुन्हा स्टुलावर बसवलं, बाबांचं स्टूल जागेवर ठेवलं. काकांनी माझ्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. म्हणाले, "काऊन रे, हापिसात काई झालं का?"

"नाई काका." मी बाबांसमोर जमिनीवरच बसलो. "बाबा, तुमाले न विचारता ओटा तोडला मी. तुम्ही घरी नसताना, मुद्दाम तोडला. तुम्ही समोर असते तं माह्या हातून झालं नसतं. गाडी राहीन बाहेर. काका, तुमचीबी जागा होती ती. चुकलं माह्यं. माफ करा मले."