नकाशावरचं बोट

नागपूरच्या खनिज शोध परिषदेत ड्रिलिंगवाले काका मला दरवर्षी भेटतात. दगड ओला करून कसा वाचायचा, हे त्यांनीच मला शिकवलं. जेवणाआधी ते प्रत्येक स्टॉलवरचा नकाशा बघणार, भिवापूरजवळच्या आपल्या गावावर बोट ठेवणार आणि म्हणणार, "कोरंच हाय. चाल गा, जेवून घेऊ."

यंदा मी सकाळपासून त्यांना टाळत होतो. पण ते आमच्या स्टॉलवर आलेच. बोट लाल चौकोनावर थांबलं.

"इथं खोदणार? माह्यं मिरचीचं वावर हाय गा तिथं! पाहणी कोणं केली?"

ते खिशात चष्मा चाचपू लागले. नकाशाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत माझं नाव होतं.

चष्मा त्यांच्या कपाळावरच होता. मी सांगितलं नाही.