त्या 'आम्ही'त कोण कोण

शिंपी तसा मितभाषी. मापं सांगण्यापलीकडे त्याची जीभ फारशी हलत नसे. पण त्या रविवारी चर्चमध्ये उपासना संपता संपता तो उभा राहिला आणि एका शब्दानं घोटाळा करून बसला.

झालं होतं असं. काही वर्षांपूर्वी एका टेंपोवाल्यानं दारूच्या नशेत शिंप्याच्या थोरल्या भावाला चिरडलं. तो शिक्षा भोगून सुटला. तुरुंगात शिवणकाम शिकला होता, पण त्याला कुणी दारात उभं करेना. शिंप्यानं मंडळीसमोर सांगून टाकलं, "आम्ही याला माफ केलंय. उद्यापासून हा आमच्या दुकानात बसेल." पाळकांचे डोळे भरून आले. लोक हात हातात घेत होते. खोटं कशाला बोला, शिंप्याला ते गोड लागलं.

वहिनी, म्हणजे त्या गेलेल्या भावाची बायको, शेवटच्या बाकावर होती. ती मागच्या मागे घरी निघून गेली.

दुकान घराखालीच, मशीनं दोनच, एक शिंप्याचं, एक भावाचं. मागच्या खोलीत वहिनी काज-बटणं करायची. सोमवारी टेंपोवाला भावाच्या मशीनवर बसला, बिचारा मान वर न करता. त्या मशीनचं पायडल कुरकुरायचं. इतक्या वर्षांनी ती कुरकुर कानावर पडली आणि वहिनी हातातला सदरा घेऊन तशीच दारात आली.

"भावोजी, तुम्ही 'आम्ही' म्हणालात. त्या 'आम्ही'त मी कधी होते?"

वहिनी माडीवर गेली ती खाली उतरेना.

प्रार्थनेतसुद्धा आपण 'आम्ही'च म्हणतो की, असं त्यानं स्वतःला समजावून पाहिलं. त्याच्या बायकोनं ते चालू दिलं नाही. "हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवून आलात. शाबासकी तुम्हाला, दुखणं जाऊबाईंना." हे मात्र त्याला झोंबलं, कारण ते खरं होतं. टेंपोवाल्याला हाकलावं तर दया नुसती तोंडदेखली, ठेवावं तर वहिनीवर अन्याय. इकडे आड, तिकडे विहीर.

पुढच्या रविवारी तो पुन्हा उभा राहिला. "मागच्या वेळी मी 'आम्ही' म्हणालो, ते खोटं होतं. माफ मी केलं, माझ्यापुरतं. वहिनीला मी विचारलंसुद्धा नव्हतं." या वेळी कुणाचे डोळे भरले नाहीत. पाळक नुसते खाकरले. दारात हात द्यायलाही कुणी थांबलं नाही.

घरी येऊन त्यानं भावाच्या मशीनवर खोळ घातली. स्वतःचं मशीन टेंपोवाल्याला दिलं आणि आपण काज घालायला बसला. जाडजूड बोटं ती, काज कसले, भोकं पडत होती.

दोन दिवसांनी वहिनी खाली आली. शिंपी उठून उभा राहिला.

"वहिनी, आधी विचारायला हवं होतं. चुकलो. आता विचारतो. त्याला माफ कराल?"

टेंपोवाल्याचं मशीन थांबलं.

"नाही," वहिनी म्हणाली.

शिंप्यानं मान हलवली. तिनं त्याच्या हातातला सदरा घेऊन उजेडात धरला.

"आणि काज असं घालतात? उसवा हे."

शिंपी उसवायला बसला. वहिनी खोळ घातलेल्या मशीनवर हात ठेवून तिथेच उभी राहिली, वर गेली नाही.