आटपाडीचा सोनचाफा

पाण्याच्या थेंबाला हुकूम सोडावा आणि त्यानं तो निमूटपणे पाळावा, असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, आमचे आतोबा. पहिल्या लढाईत ते बसऱ्याकडच्या वाळवंटात होते आणि पुढं सुभेदार होऊन पेन्शनीत निघाले. दुसऱ्या लढाईत सरकारनं साखरेचं नि रॉकेलचं रेशन लावलं तेव्हा आम्ही सांगलीकर कुरकुरलो. आतोबांनी आपल्या घरात पाण्याचं रेशन त्याच्या कितीतरी आधी लावलं होतं, आणि तिथं कुरकुरायची कुणाची छाती नव्हती. आटपाडीत पाऊस यायचा तो घाईतल्या पाहुण्यासारखा, चहासुद्धा न घेता निघून जायचा. असल्या गावात आतोबांच्या अंगणात जाई, शेवंती, कण्हेर, डाळिंब असं सगळं हिरवंगार असे. आणि त्यासाठी गावच्या पिण्याच्या विहिरीतली एक कळशीही त्यांनी जास्तीची घेतली नाही.

घरात आलेलं पाणी दोनदा राबल्याशिवाय सुटत नसे. तांदूळ धुतलेलं पाणी जाईला, भाजी धुतलेलं शेवंतीला. आंघोळीला मोरी नव्हतीच. एक चपटा दगड होता आणि तो रोज नव्या झाडाखाली सरकायचा. आम्ही कृष्णाकाठची माणसं, बादल्यांनी अंगावर पाणी ओतणारी. पण आटपाडीला पाऊल ठेवलं की आतोबा फर्मावत, "आज तुजी आंगूळ डाळिंबाकडं." एकदा दात घासून मी कुंपणाच्या गडग्यावरून रस्त्यावर चूळ टाकली. आतोबा अंगणाच्या दुसऱ्या टोकाहून गरजले, "आरं, हितं शेवंती तोंड उगडून बसलीया, आन् तू रस्त्याला पाजतूस व्हय?" त्या दिवसापासून मी भरल्या तोंडानं झाड शोधत अंगणभर फिरायला शिकलो. झाडांच्या बुडाशी त्यांनी वाळकं गवत आणि पालापाचोळा जाड पसरून ठेवलेला असे. कुणी विचारलंच तर म्हणत, "उगड्या डोस्क्यानं उनात हुबं ऱ्हायाला माती काय कैदी हाय?" गवत बाजूला सारून ते मला खालची ओल दाखवत. बाहेर पाय पोळत असताना तिथली माती गार लागे, आणि मी खरोखर थक्क होऊन जाई.

या सगळ्या बागेत आत्याचं म्हणावं असं एकच झाड होतं, सोनचाफ्याचं. आमचं मूळ घर वाईचं. आजोबा-आजी गेल्यावर बाबांनी नोकरीपायी सांगलीला बिऱ्हाड हलवलं आणि वाईचं घर दुसऱ्याचं झालं. घर सोडायच्या दिवशी आत्यानं अंगणातल्या जुन्या चाफ्याखाली उगवलेलं एक रोप मुळासकट काढलं आणि पदराखाली धरून आटपाडीला नेलं. माहेर म्हणून तिच्याकडं तेवढंच उरलं होतं. ती तसं कधी बोलली नाही, पण आतोबांना ते पक्कं ठाऊक होतं. म्हणून सगळ्या झाडांवर हुकमत गाजवणारा हा सुभेदार चाफ्याशी मात्र हलक्या आवाजात बोलायचा.

एका उन्हाळ्यात विहीर तळाला गेली. तेव्हा मी सुट्टीत तिथंच होतो. घरातलं पाणी इतकं आटलं की चाफ्याच्या वाट्याला आंघोळसुद्धा पुरेना. आतोबांनी कुंभाराकडून मुद्दाम पाझरणारी मडकी मागवली. मडकं झाडाशेजारी गळ्यापर्यंत पुरायचं, भरायचं आणि वर झाकण ठेवायचं. पाणी मडक्याच्या अंगातून हळूहळू झिरपतं, मुळांना मिळतं, आणि उन्हाला त्याचा पत्ताही लागत नाही. मला ती युक्ती अद्भुत वाटली. रोज सकाळी आतोबा झाकण उचलून बघत आणि मडकं काठोकाठ भरलेलंच! "बग, वाईची अवलाद! लय समजूतदार झाड. अडचण बगून पानी पीतच न्हाई," ते अभिमानानं सांगत, आणि मीही मान डोलवी. चाफ्याची पानं गळत होती, त्यालाही आम्ही त्याचा काटकसरी स्वभावच समजत होतो.

शेवटी आत्या आली. तिनं मडक्यात हात घातला, मग बाहेरची माती उकरली. ती भाजलेल्या पिठासारखी कोरडी होती. "आवं," ती म्हणाली, "ह्ये मडकं झिरपतच न्हाई. झाड तहानेनं मराय लागलंय."

कुंभाराला बोलावलं. तो बिचारा हात जोडून उभा राहिला. "सुबेदारसायेब, तुमच्या दारात गळकं मडकं दिऊन मी गावात तोंड कसं दावू? म्हनून आतनं चांगली राळ फिरवून पाझर बंद करून दिली."

आता तोफ धडाडणार म्हणून मी भिंतीला टेकलो. पण आतोबा नुसते खाली बसले. "तुजी चूक न्हाई गड्या," ते म्हणाले. "मी रोज मडकं बगितलं. झाड बगितलंच न्हाई."

नवी मडकी आली, पण तोवर चाफ्याची नुसती काटकी उरली होती. आत्या अंगणात यायची ती तिकडं पाठ करून. आतोबांनी आंघोळ सोडली. ओल्या फडक्यानं अंग पुसायचं आणि वाचलेलं पाणी मडक्यात ओतायचं, असा त्यांचा तो सगळा उन्हाळा गेला. मी सांगलीला परतलो तेव्हा काटकी तशीच होती. पावसाळा सरता सरता निरोप आला, बुडातून कोंब फुटलाय.

पुढं काही वर्षांनी मी आटपाडीला गेलो असताना त्या चाफ्याला पहिलं फूल आलं. आत्यानं ते ओंजळीत घेतलं, डोळे मिटून हुंगलं, आणि देवापुढं न ठेवता माझ्या हातात दिलं. बाबा तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते. "दादाला ने. म्हणावं, आपला चाफा हाय," ती म्हणाली.

मोटारीची वेळ झाली होती. आतोबांनी फूल माझ्या रुमालात गुंडाळलं आणि पिण्याच्या पाण्याचा तांब्या आणून त्यावर ओतला. भरलेला, अख्खा तांब्या. पाणी माझ्या धोतरावरून, पायांवरून वाहत उघड्या फुफाट्यात जिरून गेलं. मी म्हणालो, "आतोबा, पुरे की!"

"आसू दे," ते म्हणाले, "सांगली लांब हाय." आणि आत वळून आत्याला म्हणाले, "आनकी एक तांब्या आन गं."