मदतनीसाचा नंबर

'तुमच्यासाठी खास ॲप बनवलंय' असं कुणी म्हणालं की मी आधी खिसा चाचपतो. का, ते विचारू नका. इतके किस्से साठलेत की एक सांगायला घेतला की मागचा ओरडतो, 'माझा नंबर आधी!'

आमचं तिघांचं टोळकं आहे. मी अमरावतीचा, जन्मापासून आंधळा. मूर्तिजापूरचा गजानन कर्णबधिर, त्याचं फ्लेक्स छापायचं दुकान. त्याचं टाईप केलेलं माझा फोन मला वाचून दाखवतो, माझं बोललेलं त्याचा फोन त्याला लिहून दाखवतो, त्यामुळे आमची भांडणं अगदी व्यवस्थित होतात. आणि तिसरी अकोल्याची नसीमआपा. तीही माझ्यासारखीच, डोळ्यांनी दिसत नाही. शाळेत संगीत शिकवून रिटायर झाली. आमच्यासारख्यांना ॲप वापरता येतं की नाही, हे कंपन्या आमच्याकडून तपासून घेतात. आम्ही विश्वास कुणावरच ठेवत नाही, म्हणून काम बरं चालतं.

आपाचं दुखणं मात्र एकच. "माह्या खात्याचा पिन भाच्याले माहीत, भाच्याच्या बायकोले माहीत, तिच्या आईले माहीत. फक्त मलेच टाकता येत नाई!" सगळे हसतात. आपा हसत नाही.

*

पुण्याचा एक इंजिनिअर आला होता. "मॅडम, एकदम सोप्पं ॲप आहे!"

आमचा एक रिवाज आहे. येईल त्या पाहुण्याच्या फोनचा पडदा काळा करायचा, वाचून दाखवणारा आवाज चालू करायचा आणि फोन त्याच्याच हातात द्यायचा. "घ्या, शंभर रुपये पाठवा आमाले."

तो बोट फिरवायला लागला. फोन म्हणे, "बटन. बटन. बटन. बटन." कुठल्याच बटनाला नाव दिलेलं नाही!

"यातलं कुठलं दाबू?" त्यानं बारीक आवाजात विचारलं.

आपा म्हणाली, "दाब बेटा कोणतंही. एकानं पैसे जाते, एकानं खातं बंद होते. आमी रोज असंच दाबतो!"

*

मग ते समोरचं दृश्य सांगणारं ॲप आलं. फोटो काढायचा, ते वर्णन करतं. मी हॉटेलात बसलो होतो, गिला वडा, म्हणजे आमच्याकडचा दहीवडा, मागवला होता. प्लेट आली की नाही बघावं म्हणून टेबलासकट माझा फोटो काढला. ॲप म्हणालं, "एक दृष्टिहीन व्यक्ती मदतीच्या प्रतीक्षेत बसली आहे."

मदतीच्या? अरे, मी वड्याच्या प्रतीक्षेत बसलोय!

कंपनीला चांगलं खरमरीत लिहिलं. त्यांनी माफी मागितली, नवीन आवृत्ती पाठवली. मी पुन्हा त्याच हॉटेलात, पुन्हा फोटो. "एक प्रेरणादायी व्यक्ती बसली आहे."

वड्याचं नाव नाही! तो तिकडे दह्यात विरघळून राहिला होता.

*

गजाननकडे बहिऱ्यांसाठी म्हणून एक ॲप आलं. चालेना. तक्रार कुठे करायची बघितलं, तर लिहिलेलं, 'आमच्या हेल्पलाइनवर फोन करा.' आता बोला!

गजानननं कंपनीच्या साहेबाचा नंबर मिळवला, व्हिडिओ कॉल लावला आणि अख्खी तक्रार हातांच्या खुणांनी केली. रागात तो पंख्यासारखे हात फिरवतो. साहेब घाबरला. त्यानं टाईप केलं, 'सर, मला काहीच कळत नाहीये.'

गजानननं उत्तर पाठवलं, 'मग हेल्पलाइनवर फोन करा.'

*

आता आपाचा किस्सा.

तिच्या पतसंस्थेनं ॲप काढलं. त्यात 'दिव्यांग मोड'. तो चालू केला तरच ॲप वाचून दाखवतं, नाहीतर मुकं. कानात इअरफोन घालून आपानं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा पिन स्वतः टाकला. लगेच मला फोन करून कळवलं. पण पुढे एक रकाना निघाला, 'मदतनीसाचा मोबाईल नंबर'. पैसे पाठवायचे तर ओटीपी त्या मदतनीसाला जाणार. रकाना रिकामा ठेवला तर गाडी पुढे सरकत नाही.

"म्हणजे पुन्हा भाचाच!" आपा भडकली. तडक मॅनेजरकडे गेली. "डोळसांले नाई लागत का मदतनीस?"

"आपा, त्यांना दिसतं ना! तुमच्या सुरक्षेसाठीच आहे हे. कुणी फसवलं तर?"

"दिसते, त मग ते कसे फसते?"

 मॅनेजर गोड आवाजात म्हणाला, "आपा, काळजी कशाला? काहीही अडचण आली तर मला फोन करा. मी आहे ना मदतीला!"

एवढा गोड आवाज आला की आम्हाला संशय येतो. पण या वेळी आपा "शुक्रिया" म्हणाली आणि तिथेच बसून त्या रकान्यात मॅनेजरचाच नंबर टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. "साहेब, दूध घेऊन राहिली, ओटीपी सांगा." मग पालक. मग ऑटो. मग ऑटोवाल्यानं परत आणून सोडलं, ते. मी आणि गजानननंही तिथे खाती उघडली आणि तोच मदतनीस लावला. गजाननचा तर व्हिडिओ कॉल!

मॅनेजरच्या मुलीच्या साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, मागे बँड वाजत होता आणि हा माणूस ओरडून आपाला आकडे सांगत होता. आपा म्हणाली, "हळू बोला साहेब! ओटीपी कोणाले सांगू नये, तुमच्याच भिंतीवर लिवलं हाये म्हणते!"

लवकरच नवीन आवृत्ती आली. मदतनीसाचा रकाना गायब! ओटीपी आपाच्याच फोनवर. तिनं लगोलग पिनही बदलला.

भाच्यानं विचारलं, "खाला, नवा पिन काय ठेवला?"

"तुले कायले पाहिजे?" आपा म्हणाली. एवढं साधं वाक्य, पण ते बोलायला तिला साठी ओलांडावी लागली. मला फोनवर सांगताना तिनं ते परत परत म्हणून दाखवलं.

मध्ये काही दिवस गेले. आम्ही तिघं गजाननच्या दुकानात बसलो होतो, तेवढ्यात आपाचा फोन वाजला. तिनं स्पीकरवर घेतला.

"आपा, आजकाल तुमचा फोनच नाही! ॲप नीट चालतंय ना? तुमचा पिन बरोबर सेट झाला ना?"

"कोण बोलून राहिले तुमी?"

"अहो, मी मॅनेजर!"

"सगळे हेच सांगते!" आपा म्हणाली आणि फोन कट केला.