बाईच हळू बोलते

कापसाच्या भावासाठी तेव्हा सारख्या सभा होत. दारव्ह्याच्या सायबर कॅफेत सभांचे भोंगे लावणारी एक बाई रोज माझ्या शेजारी बसायची. सभेच्या भोंग्यासाठी जाड-बारीक आवाज वेगळे करणारं फिल्टर ती आधी स्क्रीनवर जुळवून बघे. आवाजाचा आलेख गुळगुळीत यायचा, तरी ती नकारार्थी मान हलवायची.

"छान तर आलंय," एकदा मी म्हणालो.

"भाऊ, ह्या कॉम्प्युटरच्या फिल्टरातली कॉईल, म्हंजे तारेची गुंडाळी, बिनदोष हाय. माही हातानं गुंडाळली हाय. तिच्या तारेचा रोध टाकल्याबिगर हे सारं खोटं."

तिनं रोध टाकला. बायकांच्या आवाजाच्या पट्टीत आलेख खचला. तिनं तिथं नख टेकवलं.

"पाहा, इथं आवाज दबते. अन् सभेत सारे म्हणतेत, बाईच हळू बोलते."

मग पिशवीतून कॉईल काढून, जाड तारेनं पुन्हा गुंडाळण्यासाठी, ती तिथंच उसवायला बसली.